पावसाचा रडार-नकाशा कसा वाचावा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "शास्त्रीय विषयावर, परंतु घरातील सर्वांस समजेल असे काही लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा मला प्रथम आठवला तो माझाच एक फसलेला हिशेब. काही वर्षांपूर्वीची भाद्रपदातील गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचे केळीचे शेत तापीच्या काठी आहे. पाणी उपसण्याची मोटार नदीच्या पात्राजवळ बसविलेली असते. दोन दिवस आभाळ भरून होते, म्हणून संध्याकाळी त्यांनी मला विचारले, "दादा, मोटार वर काढून घेऊ का?" मी आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकविलेला मनुष्य. खिशातून मोबाइल काढला, पावसाचा चालू नकाशा उघडला, बऱ्हाणपूरच्या जागी रंगाचा एकही ठिपका नाही असे पाहिले आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, "राहू दे. आज पाऊस नाही." पाऊस खरोखरच आला नाही, अंगण ओले होण्याइतकाही नाही. परंतु पहाटे नदी चढली आणि मोटार, पाइप, स्टार्टरची पेटी, सारे गढूळ पाण्याखाली गेले.

नकाशाने मला फसविले असे मी म्हणणार नाही. पाऊस वर बैतूल-मुलताईकडे पडला होता आणि मी नजर रोखून बसलो होतो बऱ्हाणपुरावर. शिवाय बऱ्हाणपूरची जागा त्या नकाशावर कोरी दिसण्यास आणखीही एक कारण असू शकते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. मोटारीच्या दुरुस्तीचे बिल भरल्यावर मी या विषयाचा जरा नेटाने अभ्यास केला. त्यात जे हाती लागले ते न्यासाच्या सभासदांपुढे आणि त्यांच्या मुलाबाळांपुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांचा संबंध केळीशी, कपाशीशी नाही तर नदीकाठच्या वस्तीशी आहे, आणि हा नकाशा आता प्रत्येकाच्या हातात आहे. तो पाहतात सर्व, वाचतात थोडे.

हाक आणि प्रतिध्वनी

खोल विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली तर क्षणभराने तीच हाक परत येते. विहीर जितकी खोल तितका प्रतिध्वनीला वेळ अधिक. रडार हेच करते, फक्त आवाजाऐवजी रेडिओच्या लहरी पाठविते. उंच इमारतीवर पांढऱ्या घुमटाच्या आत एक मोठी तबकडी फिरत असते. तिच्यातून लहरींचा निमिषमात्र झोत सुटतो. वाटेत पावसाचे थेंब भेटले की त्याचा अगदी थोडा अंश उलट परततो. लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. तेव्हा २५० किलोमीटरवरच्या पावसाला शिवून माघारी येण्यास सेकंदाचा सहाशेवा भाग पुरतो. अंश किती वेळाने परतला यावरून अंतर कळते, तबकडीचे तोंड कोणीकडे होते यावरून दिशा, आणि तो किती जोरकस आहे यावरून थेंबांचा अंदाज. तबकडीची एक फेरी पुरी झाली की ती तोंड किंचित वर उचलून दुसरी फेरी घेते, आणखी वर उचलून तिसरी. अशा अनेक फेऱ्या मिळून आकाशाचे एक चित्र होते. हवामान खात्याच्या रडारचे नवे चित्र साधारणपणे दर दहा मिनिटांनी येते.

हे यंत्र मुळात युद्धातले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधताना पावसाचे ढग पडद्यावर मध्येच येऊन घोटाळा करीत. पुढे शांततेच्या काळात त्या घोटाळ्याचाच उपयोग झाला. आपल्या देशात १९५४ साली कलकत्त्याच्या डमडम येथे वादळे शोधणारे रडार बसले, १९७० साली विशाखापट्टणमला चक्रीवादळांसाठी मोठे रडार आले आणि २००२ साली चेन्नईला पहिले डॉप्लर रडार सुरू झाले. मुंबईची गोष्ट सर्वांस माहीत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. एका शहरातील हा भेद डोळ्यांपुढे दाखवील असे डॉप्लर रडार त्या वेळी मुंबईत नव्हते. ते पुढे कुलाब्याला बसले.

"डॉप्लर" या नावाने कोणी बिचकू नये. बऱ्हाणपूर स्टेशनावर न थांबता धडधडत जाणाऱ्या मेलगाडीची शिट्टी आपण सर्वांनी ऐकली आहे. गाडी येत असता शिट्टीचा सूर चढा लागतो आणि ती पुढे निघून जाताच एकदम उतरतो. थेंब रडारकडे येत असले की परत येणाऱ्या लहरीचा "सूर" असाच चढतो, दूर जात असले की उतरतो. त्यावरून वाऱ्याची गती समजते. मात्र रडारच्या दिशेने येणे किंवा जाणे एवढेच यात कळते. आडवा वाहणारा वारा त्याला दिसत नाही.

रंगांची पट्टी

नकाशाच्या कडेला रंगांची एक पट्टी असते आणि तीवर २०, ३०, ४०, ५० असे आकडे असतात. या मापाला "डीबीझेड" म्हणतात. पुष्कळ लोक ते पावसाचे मिलिमीटर समजतात. मीही समजत होतो. ती परत आलेल्या हाकेची पट्टी आहे आणि तिची चढण मोठी विलक्षण आहे. दहा आकडे वाढले की हाक दसपट मोठी झाली असे समजावे. मार्शल आणि पामर या दोन शास्त्रज्ञांनी १९४८ साली हाकेवरून पाऊस काढण्याचे एक सूत्र दिले. त्याप्रमाणे हिशेब केला तर २० च्या रंगाला तासाला एक मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे नुसती भुरभुर. ३० ला तासाला पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. ४० ला साडेअकरा. आणि ५० ला जवळजवळ ४९ मिलिमीटर. प्रत्येक दहा आकड्यांमागे पाऊस सुमारे चौपट होतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. हिरव्यावरून पिवळा झाला म्हणजे "थोडा वाढला" असे नव्हे.

या सूत्रावरही डोळे मिटून विसंबू नये, आणि त्याचे कारण थेंबांच्या आकारात आहे. एक मिलिमीटर जाडीचा थेंब घ्या आणि दोन मिलिमीटरचा घ्या. मोठ्या थेंबात पाणी आठपट. परंतु त्याची हाक मात्र ६४ पट. म्हणून वळवाच्या पावसातील मोजकेच टपोरे थेंब नकाशावर लालबुंद दिसतात, आणि श्रावणातील दिवसभराची बारीक, दाट झड फिकट हिरवी दिसते, मग शेतात दिवसअखेर दुसरीच अधिक मुरली असली तरी. आकडा ५५ च्या पुढे गेला तर त्यात बहुधा गारांचा हात असतो. त्याचे मिलिमीटर करण्याच्या भरीस पडू नये.

बऱ्हाणपूरची अडचण

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्याला जवळची म्हणता येतील अशी हवामान खात्याची दोन जुनी रडारे भोपाळ व नागपूर येथे आहेत. भोपाळ आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर, नागपूर सुमारे २९०. रडारची पुष्कळ चित्रे २५० किलोमीटरच्या वर्तुळात काढलेली असतात. म्हणजे भोपाळच्या वर्तुळाच्या अगदी कडेवर आपण, आणि नागपूरच्या वर्तुळाबाहेर. ताटाच्या कडेला बसलेल्याच्या वाट्याला काय यावे!

अंतर एवढेच कारण नाही. पृथ्वी वाटोळी आहे. रडारचा झोत सर्वांत खालच्या फेरीतही जमिनीच्या जरा वरून, सुमारे अर्धा अंश तोंड उचलून सोडावा लागतो. झोत सरळ पुढे जात राहतो आणि त्याच्याखाली जमीन वाकत जाते. हवेमुळे झोतही किंचित खाली झुकतो, ते धरून हिशेब केला तरी २५० किलोमीटरवर झोताचा मध्य सुमारे ६ किलोमीटर उंचीवर पोचलेला असतो. आपला असिरगड समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास. तसे आठ असिरगड एकावर एक रचले तर त्या झोताच्या मध्याला हात लावता येईल. शिवाय टॉर्चचा उजेड दूरच्या भिंतीवर जसा पसरट पडतो, तसा हा झोतही पसरतो. एक अंश रुंदीचा झोत भोपाळहून बऱ्हाणपुरावर येईपर्यंत चार किलोमीटरहून अधिक जाड झालेला असतो.

याचे परिणाम तीन. पहिला असा की, ज्या ढगांचे माथे तीन-चार किलोमीटरवरच संपतात त्यांच्या डोक्यावरून हा झोत बहुतेक निघून जातो. आपण छत्री घेऊन चौकात उभे असावे, पागोळ्या वाहत असाव्यात, आणि मोबाइलवर बऱ्हाणपूर स्वच्छ कोरे असावे, असे पावसाळ्यात घडू शकते. दुसरा परिणाम म्हणजे, पावसाळ्यात साधारण ५ किलोमीटरच्या वर पाणी गोठते. तिथे रडारला थेंब न भेटता बर्फाचे कण भेटतात आणि त्यांची हाक बरीच क्षीण असते. म्हणून आपल्यावरचा मोठा पाऊसही फिकट रंगात दिसू शकतो. तिसरा परिणाम उलट्या जातीचा आहे. वैशाखात इतक्या उंचीवर पाऊस असतो, नकाशा रंगतो, पण खालच्या तापलेल्या कोरड्या हवेत थेंब वाटेतच विरून जातात. आभाळात पाऊस आणि अंगणात धूळ.

तेव्हा बऱ्हाणपूरकराने आपल्या गावावरचा रंग असा वाचावा: रंग दिसला तर तेथे उंच वाढलेला ढग आहे हे बहुतेक खरे धरावे, रंग न दिसला तर त्यावरून काहीही ठरवू नये. कोऱ्या जागेचा अर्थ "रडारला तेथून हाक आली नाही" एवढाच. "तेथे पाऊस नाही" हा अर्थ आपण आपल्या पदरचा घालतो.

काही चित्रांत नकाशाच्या वर आणि उजव्या बाजूस दोन अरुंद पट्ट्या असतात. त्यांत ढगांची उंची दाखविलेली असते, जणू आकाश उभे कापून दाखविले आहे. बहुतेक लोक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वास्तविक त्या फार बोलक्या असतात. पंधरा किलोमीटरपर्यंत चढलेला रंगाचा खांब दिसला तर तो गडगडाटी ढग, त्यात वीज व वारा दोन्ही असणार.

मुलताईकडे पाहावे

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग हा नकाशा आपल्या काय कामाचा? गंमत अशी की, ज्या नागपूरच्या रडारला बऱ्हाणपूर दिसत नाही, त्याच रडारला आपल्या तापीचा उगम उत्तम दिसतो. मुलताई नागपुराहून सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या अंतरावर झोताचा मध्य रडारच्या पातळीपासून पावणेदोन किलोमीटरच्या आतच असतो. पावसाळी ढगांच्या ऐन पोटातून तो जातो. भोपाळपासून मुलताई सुमारे १८५ किलोमीटर, तेव्हा तेथूनही ती दिसते, पण जरा वरच्या अंगाने. आपल्या डोक्यावरचा पाऊस आपल्याला खिडकीतून दिसतो. वरच्या खोऱ्यातला पाऊस मात्र खिडकीतून दिसत नाही, आणि नदी चढते ती त्याच पावसाने.

तापीची एकूण लांबी ७२४ किलोमीटर. त्यापैकी पहिले २८२ किलोमीटर मध्यप्रदेशात मोडतात. मुलताईहून निघून बैतूल जिल्ह्यातून ती खाली येते. मेळघाटातील खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या नद्यांचे पाणी तिला मिळते. मग देडतलाई, नेपानगरच्या बाजूने ती आपल्या राजघाटाशी पोचते. मेळघाटाचा भाग दोन्ही रडारांपासून दूर पडतो, तेथील पाऊस त्यांना अर्धवटच दिसतो. हे एक न्यून लक्षात ठेवलेच पाहिजे. मुलताई ते बऱ्हाणपूर सरळ रेषेतच दोनशे किलोमीटरहून अधिक, आणि नदी काही सरळ रेषेत वाहत नाही. पुराचे पाणी ताशी आठ-दहा किलोमीटरने धावते असे ढोबळ मानाने धरले, तर उगमाकडील पाण्याला येथे येण्यास दिवसभराचा अवधी लागतो. मधल्या भागातील पाणी त्याच्या आधी येते. हा अवधी म्हणजे आपल्या हातातील खरी ठेव. त्या अवधीत मोटार निघते, गुरे वर नेता येतात, काठावरची बिऱ्हाडे सामान हलवू शकतात.

यासाठी क्षणाक्षणाच्या चित्रापेक्षा दुसरे एक चित्र अधिक उपयोगी: चोवीस तासांत एकूण किती पाऊस साठला ते दाखविणारे. आपल्या डोळ्यांना धावते रंग आवडतात, पण नदी बेरीज करते. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १ कोटी घनमीटर पाणी झाले. त्यातले काही जमिनीत मुरते. जमीन आधीच्या आठवड्यात कोरडी असेल तर पुष्कळ मुरते, भिजलेली असेल तर थोडेच. म्हणूनच भाद्रपदातला पाऊस आषाढातल्या तेवढ्याच पावसाहून नदीला अधिक चढवितो. वरच्या धरणांचे दरवाजे उघडले तर ते पाणी आणखी निराळे. त्याची वार्ता रडारपाशी नसते, प्रशासनाच्या सूचनेतून कळते. देडतलाई आणि बऱ्हाणपूर या दोन्ही ठिकाणी केंद्रीय जल आयोगाची पाण्याची पातळी मोजण्याची केंद्रे आहेत. रडारवर मुलताई-बैतूलला दिवसभर पिवळा-नारिंगी रंग पाहावा, मग देडतलाईची पातळी पाहावी. दोन्ही चढत असतील तर तिसऱ्या साक्षीदाराची वाट पाहू नये.

वरच्या खोऱ्यातील पाऊस खाली काय करतो याचे मोठे उदाहरण सुरतेचे. २००६ च्या ऑगस्टमध्ये ते शहर तापीच्या पुरात बुडाले. उकाई धरणाच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या बाजूस, पडलेल्या पावसाचे पाणी त्या पुरात होते. आपण बऱ्हाणपूरकर मुलताईचे पाणी पाहतो, सुरतकर आपले पाहतात. दुसरीकडे पडलेल्या पाण्याचा माग काढणे या गावाला नवे नाही. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात १६१५ साली सातपुड्याच्या उताराचे जमिनीखालून झिरपणारे पाणी हेरूनच कुंडी भंडारा बांधला गेला.

उतावळी नदीची गोष्ट वेगळी. सातपुड्याच्या कुशीतून येणारी ती नदी नावाप्रमाणेच उतावळी; तिच्या बाबतीत ना एवढे अंतर, ना एवढा अवधी. तेथे अडीचशे किलोमीटरवरच्या रडारवर भिस्त ठेवणे वेडेपणाचे. डोंगराच्या बाजूला काळोख झाला की रपट्यावरून गाडी घालू नये, हा आजोबांचा नियमच चांगला.

घड्याळ आणि चाल

चित्र उघडताच सर्वांत आधी त्यावरची वेळ पाहावी. रडारच्या चित्रांवर पुष्कळदा भारतीय वेळ नसून "यूटीसी" म्हणजे जागतिक वेळ असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. १२ वाजून २० मिनिटे लिहिलेले चित्र आपल्या घड्याळाने संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटांचे. यंत्र दुरुस्तीस बंद असेल तर कालचेच चित्र पडद्यावर तसेच बसून राहते, आणि मनुष्य कालच्या पावसाला भिऊन आज कपडे आत घेतो. हे हसण्यावारी नेऊ नये. उलट प्रकारही तितकाच सहज घडतो.

एकच चित्र पाहून चाल कळत नाही. लागोपाठची चार-पाच चित्रे पाहावीत. एखादा पट्टा अर्ध्या तासात १५ किलोमीटर सरकला आणि तो ४५ किलोमीटरवर असेल, तर तो दीड तासात येईल हे त्रैराशिक पाचवीतल्या मुलालाही जमेल. परंतु सुटा गडगडाटी ढग बहुधा अर्ध्या-पाऊण तासात जन्मून विरतो, म्हणून दोन तासांपुढचे त्रैराशिक मांडू नये. आणखी एक गोष्ट मला प्रथम फार गोंधळात टाकी. बंगालच्या उपसागरावरून निघालेले कमी दाबाचे क्षेत्र पूर्वेकडून पश्चिमेकडे येते; २०२३ च्या सप्टेंबरच्या मध्यास पश्चिम मध्यप्रदेशात अतिवृष्टी झाली आणि नर्मदेला मोठा पूर आला तो अशाच क्षेत्रामुळे. परंतु ते क्षेत्र आपल्या उत्तरेला असले की आपल्यावरचा वारा पश्चिमेकडून असतो, आणि पावसाचे सुटे पुंजके पश्चिमेकडून पूर्वेला धावताना दिसतात. मिरवणूक एका दिशेने चालली आहे आणि तिच्यातली मुले उलट पळताहेत, तसे. दोन-तीन दिवसांचा विचार करायचा तर मिरवणूक पाहावी. तासाभराचा करायचा तर मुले.

जे रंग पावसाचे नसतात

रडारच्या अगदी जवळ, निरभ्र पहाटे, न हलणारे ठिपके दिसले तर ते बहुधा डोंगर किंवा इमारती. हवेच्या थरांमुळे झोत खाली वाकून जमिनीला लागतो. मध्यापासून कडेपर्यंत सरळ काठीसारखी रेघ दिसली तर ती बाहेरच्या रेडिओ-यंत्रांची ढवळाढवळ. पक्ष्यांचे थवे आणि किडेही हाक परत देतात. वितळत्या बर्फाचा थर तर खऱ्याहून मोठी हाक देतो, म्हणून कधी कधी रडारभोवती गडद रंगाचे कडे दिसते. त्या कड्याखाली गाव बुडाले असे समजू नये.

याहून मोठा फसवा प्रकार मोबाइलमध्येच आहे. कित्येक खाजगी ॲपांत "रडार" या नावाखाली साऱ्या देशावर अखंड रंग पसरलेले असतात. जेथे रडार पोचत नाही तेथेही रंग कोठून आला? तो उपग्रहाच्या चित्रावरून केलेला अंदाज असतो, किंवा संगणकाचे भाकीत असते. उपग्रह ढगांचे माथे पाहतो. छपरावरून घरात स्वयंपाक काय झाला ते ओळखण्यापैकीच ते काम, जरी अनुभवी माणूस धुरावरून थोडेफार सांगतो. भाकीत तर पुढच्या तासांचेही रंग दाखविते. जो पाऊस अजून पडलाच नाही त्याला रडार हाक कशी देणार? म्हणून भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन, रडारचे नाव निवडून, त्याचे मूळ चित्र पाहण्याची सवय लावावी. रंग थोडे उग्र आहेत, मांडणी ओबडधोबड आहे, पण कोणाचे तोंड आहे ते कळते.

केळीवाल्यांसाठी दोन शब्द

केळीला पावसापेक्षा वारा मारतो. वैशाख-ज्येष्ठात एका संध्याकाळच्या वावटळीने घडासकट बागा आडव्या झालेल्या आपण पाहिल्या आहेत. डॉप्लर रडार वारा मोजते हे खरे, पण आपल्यावर तो मोजला जातो सहा किलोमीटर उंचीचा. केळीच्या पानाला लागणारा वारा त्यात नाही. मात्र ढगांच्या आकारावरून काही कळते. गडद रंगाची लांब रेघ, विशेषतः धनुष्यासारखी पुढे वाकलेली, आपल्याकडे सरकत असेल तर तिच्या पुढे सोसाट्याचा वारा असतो, आणि तो पावसाच्या आधी येतो. टेकू नव्याने लावण्याइतका वेळ तेव्हा नसतो. पण माणसांना बागेतून आणि पत्र्याच्या शेडखालून बाहेर काढण्याइतका असतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले "दामिनी" नावाचे ॲप आहे. ते आसपासच्या विजांची सूचना देते. हवामान खात्याची तीन तासांची जिल्हावार तात्कालिक सूचनाही पाहावी. ती देणारे लोक रडार, उपग्रह, वेधशाळा सारे पुढे ठेवून बसलेले असतात. आपण घरबसल्या एकटे चित्र पाहून त्यांच्याशी वाद घालण्यात शहाणपण नाही.

आमच्या घरी आता एक वही आहे. पुतणी महाविद्यालयात आहे, ती लिहिते. सरळ भिंतींचा एक डबा गच्चीवर ठेवला आहे. सकाळी साडेआठला, हवामान खाते ज्या वेळी मोजते त्याच वेळी, त्यात पट्टी बुडवून मिलिमीटर मोजायचे. वहीत चार रकाने: आपला डबा, मुलताईवरचा चोवीस तासांचा रंग, देडतलाईची पातळी, राजघाटावर प्रत्यक्ष पाहिलेले पाणी. दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या आहेत. डबा भरला आणि नकाशा कोरा, असे दिवस वहीत पुष्कळ सापडतात. मुलताईचा रंग आणि राजघाटाचे पाणी यांच्यात किती तासांचे अंतर पडते ते आता कोठे थोडेसे दिसू लागले आहे, तेही दर वेळी सारखे नसते. मोटार वर काढायला दोन माणसे आणि एक तास लागतो, आणि अंधारात ते काम करता येत नाही. म्हणून चित्र पाहण्याची आमची वेळ दुपारी चारची ठरविली आहे.